साडेनऊ हजार व्होल्टची जागल

राम राम मंडळी. मागं जे उभे आहेत त्यांनी पुढं सतरंजीवर या, जागा आहे, मी काही फार वेळ घेणार नाही. गावात आलो की सगळे एकच विचारतात, काऊन रे बाप्पा, तू तथी जिनिव्हाले जाऊन नेमकं करतं काय, कण शोधतं का? तर नाही, कण शोधणारे लोक वेगळे. मी जागल करतो. हा शब्द मी पुष्कळ विचार करून वापरतोय.

हरभरा घाट्यावर आला की आपण माळ्यावर बसतो ना, रोही येतात, रानडुकरं येतात, रात्रभर काहीच होत नाही आणि पहाटे तीनला जरा डोळा लागला की नेमका तेव्हाच कळप शिरतो. माझं काम तेच आहे, फक्त शेत जमिनीखाली शंभर मीटर आहे.

तिथं सर्न नावाची संशोधन संस्था आहे, तिचा फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर 27 किलोमीटरचा गोल बोगदा आहे, त्यातल्या यंत्राला एलएचसी म्हणतात, त्यात प्रोटॉन नावाच्या कणांचे जुडगे दोन्हीकडून धावतात आणि सेकंदाला 4 कोटी वेळा एकमेकांतून जातात. धडक होते त्या चार जागी मोठी यंत्रं बसवलीत, त्यातलं एक सीएमएस, 15 मीटर उंच, वजन 14,000 टन. 2012 मधे हिग्ज बोसॉन नावाचा कण सापडल्याचं ज्या दोन प्रयोगांनी जाहीर केलं त्यातला हा एक. पण हे यंत्र कणांवर नजर ठेवतं, मग यंत्रावर नजर कोण ठेवणार? त्याची वीज, गॅस, थंड पाणी, तापमान, हवेतली ओल, हे सगळं चोवीस तास पाहायचं आणि कुठं बिनसलं तर वेळेत बंद करायचं, त्या व्यवस्थेला डिटेक्टर कंट्रोल सिस्टीम म्हणतात. शिकलो फिजिक्स, पण दिवसभर हातात वायर, व्हॉल्व आणि प्रोग्राम.

हा तुकडा हातोहात फिरवा. बेकलाईट आहे, जुन्या काळ्या स्विचचं असायचं तेच. सीएमएसमधे याच्या दोन पाट्या समोरासमोर ठेवायच्या, मधे फक्त 2 मिलिमीटरची फट, फटीत गॅस आणि पाट्यांवर साधारण 9,500 व्होल्ट, याला आम्ही चेंबर म्हणतो. म्युऑन नावाचा कण त्यातून गेला की गॅसमधे विजेचा एक बारीक लोट उठतो आणि तो आपण टिपतो. आता एका बाजूला बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागतं ना? ते जवसाचं तेल आहे. हो, आपलं जवस, ज्याची चटणी तुमच्या घरी आजही असेल. बेकलाईट कितीही घासलं तरी बारीक खरबरीत राहतं, इतक्या व्होल्टला त्या टोकांवर वीज गोळा होते आणि चेंबर उगाच बोलायला लागतं, म्हणून आतून जवसाचं तेल फिरवून वाळवतात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रीच आईला फोन लावला होता. आणि यातली काही चेंबर्स आपल्याच देशात, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात तयार झाली.

हे व्होल्टेज एकदा लावून सोडून देता येत नाही बरं का. वादळ आलं, हवेचा दाब एक टक्का उतरला की गॅस विरळ होतो आणि तेवढेच व्होल्ट त्याला जास्त वाटायला लागतात, मग जवळपास 80-90 व्होल्ट खाली आणावे लागतात, हवा बदलली की परत वर. हे प्रोग्राम आपोआप करतो. हुकूम वरून खाली जातो, कलेक्टर, तहसीलदार, पटवारी, कोतवाल असा, आणि खालची खबर वर येते, एक जरी चेंबर बिघडलं तरी वरच्या पडद्यावर लाल दिसतं.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण मी हे काम तिथूनच शिकलो. एका लॅबमधे आम्ही चेंबर तपासत होतो, नाव घेत नाही. गॅसमधे 95.2 टक्के फ्रिऑन, 4.5 टक्के आयसोब्युटेन आणि 0.3 टक्के सल्फर हेक्झाफ्लोराईड असतं. आयसोब्युटेनचं काम ठिणगीतून निघणारा प्रकाश पिऊन टाकायचं, नाहीतर एका ठिणगीतून दुसरी पेटत जाते. मी अलार्म असा लिहिला होता की एकूण प्रवाह दहा टक्क्यांनी कमी झाला तर वाजायचं. रात्री आयसोब्युटेनचं सिलिंडर संपलं. एकूण प्रवाह कमी झाला साडेचार टक्के, दहा काही झाले नाहीत, अलार्म गप्प, पडद्यावर सगळं हिरवं, आणि चेंबरचा करंट रात्रभर चढत राहिला. पहाटे पॉवर सप्लायनं स्वतःच ट्रिप घेतली. ते चेंबर परत पहिल्यासारखं झालं नाही, आठ महिन्यांची दोन पोरांची मेहनत होती त्यात, त्यांचे चेहरे मला आजही दिसतात. प्रोग्राम बिचारा मी सांगितलं तेच करत होता. मी प्रवाह पाहत होतो, गॅसमधे काय आहे ते पाहतच नव्हतो.

तेव्हापासून मी प्रोग्रामला शेवटचा राखणदार मानत नाही. सर्नमधेही मानत नाहीत. स्काडाचा, म्हणजे पडद्यावरून यंत्रं पाहायच्या-चालवायच्या प्रोग्रामचा, सगळा पसारा असतो, पण त्याच्या खाली वेगळी सेफ्टी सिस्टीम असते, पीएलसी नावाच्या स्वतंत्र कंट्रोलरवर चालणारी, कॉम्प्युटर बंद पडले तरी ती तिचं काम करते, धूर दिसला, पाणी गळलं, थंडावा गेला की सरळ वीज तोडते. आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हे की एकदा तोडली की ती आपणहून परत जोडत नाही. माणसानं कारण पाहायचं, कबूल करायचं, मग रीसेट.

आपल्या पंपाला ऑटो असतो, लाईन आली की मोटर आपोआप चालू. मी नववीत होतो, काका विहिरीत फुटव्हॉल्व काढायला उतरले होते, लाईन नव्हती म्हणून कटआउट काढायचा राहिला, आणि लाईन आली. केबलचा जोड ओला होता, हात झटकला गेला म्हणून वाचले. तुम्ही ऑटो का लावता ते मला माहीत आहे, रात्री एकला थ्री फेज येते, थंडीत कोण जाईल. दोष तुमचा नाही, दिवसा लाईन मिळाली पाहिजे हे मी इथं उभा राहून सांगतो.

काय म्हणालीस बेटा? जोरात बोल. तिथं लाईन गेली तर?

जाते की. 29 एप्रिल 2016 ला मुंगसाएवढा एक प्राणी 66,000 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि अख्खं एलएचसी थांबलं, आपल्या डीपीवर खार चढते तसंच. मग लाईन परत आली की आधी पाणी फिरतं का ते पाहायचं, नंतर चेंबरमधला गॅस पूर्ण बदलून घ्यायचा, मग इलेक्ट्रॉनिक्सची कमी व्होल्टेजची लाईन, आणि सगळ्यात शेवटी मोठं व्होल्टेज, तेही टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्यावर थांबून करंट पाहत. माझ्या एका शिफ्टला हे सगळं होईस्तोवर उजाडलं होतं.

मी परवापर्यंत गावात आहे. ज्यांच्या पंपाला ऑटो आहे त्यांनी नाव लिहून द्या, उद्या सकाळपासून एकेकाच्या शेतातल्या खोपडीत येतो आणि स्टार्टर, कटआउट, अर्थिंग, तिन्ही पाहून देतो.