चालताना हलणारी जमीन

विषय वाचून निम्मी मंडळी चहाकडे वळलीयत, हरकत नाही, जे उरलात त्यांना सांगते. आपण मिनेसोटात इतकी वर्षं राहतो, उन्हाळ्यात उत्तरेला केबिनवर जातो, पण वॉस्किशजवळचा तो मैलभराचा बोर्डवॉक, बिग बॉग नावाच्या दलदलीवरचा, तिथे कितीजण गेलात? तीन हात. बरं. तो बोर्डवॉक बॉगमधला, आणि मला बोलायचंय फेनबद्दल. दोन्ही दलदलीच, दोन्हीकडे पीटच, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, पण बॉगला वरून पडेल तेवढंच पाणी, फेनला मात्र जमिनीखालून झिरपलेलं, वाटेतली खनिजं घेऊन आलेलं पाणी मिळतं, त्यामुळे वनस्पतीही वेगळ्या.

फेनमध्ये लांबून कुरणासारखं जे दिसतं ना, ते पुष्कळदा गवत नसतंच, ती सेज नावाची गवतासारखी वनस्पती असते, केरेक्स लेसिओकार्पा, इथले लोक वायर सेज म्हणतात. पात एक-दोन मिलिमीटर रुंद, कडा आत वळलेल्या, म्हणजे खरंच तार. आपला लव्हाळा, नागरमोथा, ही सगळी हिचीच भावकी. नावाचा अर्थ केसाळ फळांची, पण गंमत अशी की फळं बघायला गेलात तर हिरमोड होतो, कारण बरेचसे कोंब फुलतच नाहीत. बाई पसरते ती खालून, हळदीसारखं आडवं खोड असतं, फक्त लांबच लांब, आणि दरवर्षी त्याला नवे कोंब. कॅनडा, स्कँडिनेव्हिया, सायबेरिया, उत्तरेचा सगळा पट्टा हिने असाच धरलाय.

तळ्याच्या काठाला ही खोडं पाण्यावर पुढे सरकतात, एकमेकांत गुंततात, आणि घोंगडीसारखी तरंगती जमीन तयार होते. मी एकदा अशा जागी पाय ठेवला तर दोन हात पलीकडचं झुडूप हललं, मी तिथूनच परत फिरले. खाली चिखलात ऑक्सिजन जवळपास नाही, म्हणून पानाखोडातल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत जाते, आणि त्याच नळ्यांनी खालचा मिथेनही वर निसटतो, हे जरा अडचणीचं आहे, कारण तो वायू हवामान तापवतो. पण मेलेली मुळं-पानं नीट कुजत नाहीत, साठत जातात, तेच पीट. जगातल्या जमिनीपैकी फक्त ३ टक्के पीटची, पण तिच्यात सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन.

मागच्या शतकाच्या सुरुवातीला लोकांना वाटलं हे वाळवून शेती करू. उत्तर मिनेसोटातल्या रेड लेकच्या पीटमध्ये मैलोन् मैल चर खणले, त्यासाठी काउंट्यांनी, म्हणजे इथल्या जिल्ह्यांनी, कर्जरोखे काढले, जमीन काही वाळेना, शेतकरी निघून गेले, काउंट्या कर्जात बुडाल्या आणि १९२९ मध्ये राज्याने ती जमीन घेऊन गेम प्रिझर्व्ह, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखीव क्षेत्र, केलं. चर अजून आहेत, विमानातून पट्टीने आखल्यासारखे दिसतात. चहा उरला असेल ना?