आधी जिना बघा

(अग्निशमन सेवा सप्ताहात पुण्यातल्या एका अभ्यासिकेत, अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांनी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्या रूमच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे कोणाला सांगता येईल? हात वर करा. तीन हात. साठ-सत्तर जण बसला आहात तुम्ही इथे. यातले बरेच जण दोन-तीन वर्षं त्याच जिन्यावरून दिवसाला चार वेळा चढ-उतार करताय. मी मुक्कामाला कुठेही गेलो, अगदी बहिणीकडे गेलो, तरी झोपायच्या आधी पायऱ्या मोजतो. नोकरीने लावलेली सवय आहे ती. ती तुम्हालाही लागावी एवढ्यासाठी आज आलो आहे.

हा सप्ताह १४ एप्रिलला का सुरू होतो, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाठ केलं असेल. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज. त्या स्फोटांत आमच्या दलाचे ६६ जण गेले. पण ते जहाज पेटलं कसं, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्याच जहाजात दारूगोळाही होता. आधी कापूस पेटला. जे एकमेकांजवळ ठेवायला नको होतं, ते एकाच पोटात भरलं होतं.

आता पेठेतली एखादी जुनी इमारत डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर जिन्याखाली वीजमीटरचं लाकडी बोर्ड. वीस-पंचवीस मीटर, कुठे उघड्या वायरी, कुठे चिकटपट्टी. त्या बोर्डाला खेटून दहा-बारा दुचाकी, प्रत्येकीच्या टाकीत पेट्रोल. शेजारी मालकाचं जुनं फर्निचर, रद्दी, फ्लेक्सच्या गुंडाळ्या. आणि या सगळ्याच्या बरोबर डोक्यावरून तुमचा एकमेव जिना वर जातो. गोदीतली चूक आणि ही चूक वेगळी आहे असं मला कधीच वाटलं नाही.

मला आलेली एक वर्दी, म्हणजे आग लागल्याचा निरोप, सांगतो. जागेचं नाव सांगणार नाही. डिसेंबर महिना, पहाटेचे तीन वाजून गेलेले. तीन मजली इमारत, वर कॉट बेसिसवर राहणारी मुलं. मीटरबोर्डाला आग लागली आणि खालच्या गाड्यांनी पेट घेतला. आग होती तळमजल्यावरच, दुसऱ्या मजल्यापर्यंतही ती पोचली नाही. पण धूर पोचला. टायर, सीट, वायरीचं प्लास्टिक जळतं तेव्हा धूर काळा, दाट आणि विषारी असतो, आणि जिना म्हणजे त्याला आयती चिमणी. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीतली दोन मुलं दार उघडून खाली पळाली. आमचे जवान बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरच्या नळकांड्यातून हवा देणारा मुखवटा, लावून वर गेले तेव्हा ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडलेली सापडली. आगीपासून चांगली दूर, अंगावर भाजल्याची एक खूण नाही. दोघं वाचली, पण एकाला कित्येक दिवस रुग्णालयात काढावे लागले.

समोरच्या खोलीत पाच मुलं होती. त्यांनी दार उघडलं, जिना काळा दिसला, दार परत लावून घेतलं. बादलीत चादर बुडवून दाराच्या फटीला कोंबली, खिडकी उघडली आणि मोबाइलचे दिवे हलवत राहिली. आम्ही शिडी लावून पाचही जणांना खाली उतरवलं. त्यांना खोकलासुद्धा नव्हता. एकाच मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि फरक फक्त एका लाकडी दाराचा.

हे का होतं ते नीट समजून घ्या. जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त ओढीने चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आपण गुदमरतोय हे कळायच्या आत पायातली ताकद जाते. तुमच्या कॉटवरच्या फोमच्या गाद्या जळल्या तर त्यातून हायड्रोजन सायनाइडही निघतो. त्यामुळे 'तोंडाला ओला रुमाल लावून धुरातून पळत सुटतो' ही कल्पना डोक्यातून काढून टाका. ओल्या रुमालाने काजळी अडते, वायू अडत नाही. जिन्यात धूर विरळ असेल, खालचा रस्ता दिसत असेल, तर वाकून, भिंतीला हात लावून लगेच उतरा आणि मागे दार ओढून घ्या. जिना काळा असेल तर त्यात पाय घालायचा नाही. खोलीत राहायचं, दार लावायचं, फटी बुजवायच्या, खिडकीशी दिसेल असं उभं राहायचं. दार बंद असेल तर उघडण्याआधी तळहाताची पाठ दाराला लावून बघा. गरम लागलं तर उघडू नका.

खिडकीशी उभं राहायचं म्हटलं की तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या मनात आलं असेल: सर, खिडकीला ग्रिल आहे. बरोबर. पक्कं वेल्डिंग केलेलं ग्रिल, चोरांच्या भीतीने बसवलेलं. त्या रात्री आम्ही एका मजल्यावर कटरने ग्रिल कापलं, त्यात मिनिटं गेली. आणि गच्चीच्या दाराला कुलूप होतं, किल्ली मालकाकडे, मालक परगावी. मी पुढे कितीतरी मालकांशी बोललो. बहुतेकांचं म्हणणं एकच, गच्चीवर पोरं दारू पितात, म्हणून कुलूप. त्यांची अडचण मला कळते. पण मग आतून उघडणारी कडी बसवा, काचेच्या पेटीत किल्ली ठेवा. निदान एका खिडकीच्या ग्रिलला बिजागरीची चौकट करून घ्या. असं काम कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देतो.

दिल्लीला जाऊन आलेले इथे कोणी आहात? मुखर्जीनगरची १५ जून २०२३ ची घटना तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. आपल्याकडची किती मुलं दरवर्षी तिथे जातात! क्लासच्या इमारतीत वीजमीटरपाशी आग लागली, धूर जिन्याने वर गेला आणि मुलं-मुली खिडक्यांतून दोऱ्या-वायरींना धरून उतरू लागली. कित्येक पडली, साठेक जण जखमी झाले. कोणी दगावलं नाही, हे आपलं नशीब. पण त्याच्या चार वर्षं आधी, २४ मे २०१९ ला सुरतेला नशिबाने साथ दिली नाही. तक्षशिला आर्केड, वरच्या मजल्यावर क्लास, तिथे जायला एकच जिना आणि तोही लाकडी. बसायला टायर. २२ मुलं गेली. काहींनी उड्या मारल्या. ते चित्रण मी निवृत्तीनंतरही पूर्ण बघू शकलेलो नाही.

दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते. आग लागली कशाने हा पुढचा प्रश्न. आग तर लागणारच, कुठे ना कुठे लागणार. बाहेर पडायचा दुसरा रस्ता नव्हता, म्हणून माणसं अडकली.

आता तुमच्या हातातल्या गोष्टींकडे येतो, कारण आग लागणं कमी करणं बऱ्याच अंशी तुमच्याकडे आहे. रूमवरच्या बोर्डात साधा ६ अँपियरचा सॉकेट असतो. २३० व्होल्टला ६ अँपियर म्हणजे सुमारे १,३८० वॉट, इतकीच त्याची ताकद. पाणी तापवायचा रॉड १,५०० वॉटचा. इंडक्शन शेगडी मोठ्या आचेवर २,००० वॉट. इस्त्री १,०००. सकाळी सातला एक जण रॉड लावतो, दुसरा त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर मॅगीसाठी केटल लावतो, तिसरा इस्त्री करतो. वायरीतली उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. वायर भिंतीत असते म्हणून दिसत नाही, पण तिच्यावरचं आवरण रोज थोडं थोडं करपत असतं. प्लगला हात लावा. कोमट लागला, पिवळा पडलेला दिसला, जळका वास आला, तर तो बोर्ड त्याच दिवशी बंद करा. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा खटका, सारखा पडतोय म्हणून जास्त क्षमतेचा एमसीबी बसवणारा इलेक्ट्रिशियन किंवा फ्यूजमध्ये जाड तार बांधणारा मित्र, दोघांनाही थांबवा. एमसीबी पडतो तेव्हा तो आपलं काम करत असतो.

रॉड लावून आंघोळीचा नंबर येईपर्यंत जाऊन झोपू नका. सकाळी आलेल्या वर्द्यांत हे कारण मी इतक्यांदा पाहिलं आहे की मोजदाद ठेवली नाही. पाणी आटतं, रॉड उघडा पडतो, प्लास्टिकची बादली वितळते.

आणि एक नवीन गोष्ट, जी माझ्या नोकरीच्या सुरुवातीला नव्हती. डिलिव्हरीचं काम करून शिकणारी मुलं ई-स्कूटर वापरतात, बॅटरी काढून रूमवर आणतात आणि रात्रभर चार्जिंगला लावतात. तुमच्या कष्टाबद्दल मला फार आदर आहे. पण ती बॅटरी दाराजवळ किंवा जिन्यात लावू नका. लिथियम बॅटरी बिघडली की आतल्या आत तापत जाते, एक सेल दुसऱ्याला पेटवतो, आणि आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरने वरची ज्वाळा विझली तरी ती पुन्हा पेटते. दाराजवळ पेटली तर तुमचा बाहेरचा रस्ताच बंद. कंपनीचाच चार्जर वापरा, जागे असताना चार्ज करा, फुगलेली किंवा पडून आपटलेली बॅटरी घरात आणू नका.

गॅसबद्दल थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दोन्हीत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, सगळे बाहेर, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. रस्त्यावर भरून मिळणारे छोटे सिलिंडर आणू नका. मेसचा डबा आवडत नाही, घरची आठवण येते, हे मला कळतं. पाच किलोचा अधिकृत सिलिंडर मिळतो, तो घ्या. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, झाकण ठेवून गॅस बंद करायचा. कोणी भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं गार पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यातलं काहीही नाही.

भिंतीवरच्या लाल सिलिंडरबद्दल मुलांचा फार मोठा गैरसमज असतो. पाच-सहा किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. तो कागदाच्या टोपलीची, एका बोर्डाची आग विझवायला आहे. पाठ दाराकडे ठेवा, पिन ओढा, नळी ज्वाळेच्या टोकाकडे नको, बुडाशी धरा. एकात विझली नाही तर दुसरा शोधायला जाऊ नका, बाहेर पडा. जाता-येता एवढंच बघा की त्याच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांनी आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आणि परवानाधारक संस्थेकडून तपासून तसं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं. 'बी फॉर्म' म्हणतात तो हाच. रूम बघायला जाता तेव्हा डिपॉझिट, वाय-फाय, पाण्याची वेळ, सगळं विचारता. हेही विचारा. मालक म्हणेल, ही तर साधी सदनिका आहे. कागदावर असेलही. पण दोन खोल्यांत प्लायवूडची पार्टिशन घालून बारा कॉट लावल्या की ती राहायची जागा वसतिगृहासारखीच झाली, धोकाही तितकाच. भाडं पाचशे रुपये कमी आहे म्हणून अशी पार्टिशनची खोली घेणाऱ्या मुलाला मी दोष देणार नाही, घरून किती पैसे येतात हे ज्याचं त्याला माहीत. माझा राग त्या पाचशे रुपयांत त्याचा रस्ता बंद करणाऱ्यावर आहे. तरी निवड करायला जरा जरी वाव असेल, तर खोली बघायच्या आधी जिना बघा. रुंद आहे का, मोकळा आहे का, मीटर त्याच्याखाली आहेत का, गच्ची उघडते का.

अजून एक. फोन करताना काय सांगाल? १०१ किंवा ११२ लावलात, आणि घाबरून 'सदाशिव पेठ, लवकर या' म्हणून ठेवून दिलात, तर आम्ही कुठे यायचं? पेठेत प्रत्येक बोळ सारखा दिसतो. जवळची मोठी खूण सांगा, कोणता मजला, आत किती जण, आणि समोरून विचारतील तोपर्यंत फोन ठेवू नका. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून गाडीला वाट दाखवायची. बोळात लावलेल्या गाड्या बाजूला करायच्या. आमचा बंब गल्लीत शिरत नाही तेव्हा होज, म्हणजे पाण्याचा लांब पाइप, खांद्यावर घेऊन पळावं लागतं, ते अंतर तुमच्या मित्राच्या श्वासांत मोजलं जातं.

आणि अलार्म असेल तर तो वाजल्यावर उठा. अमेरिकेत न्यू जर्सीत सेटन हॉल विद्यापीठाचं एक वसतिगृह होतं. १९ जानेवारी २००० च्या पहाटे तिथे आग लागली, तीन विद्यार्थी गेले. अलार्म वाजत होता. पण त्या आधीच्या महिन्यांत तो इतक्यांदा खोटा वाजला होता की बरीच मुलं अंथरुणातच पडून राहिली. त्या इमारतीत स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, नव्हते. त्याच वर्षी त्या राज्याने सगळ्या वसतिगृहांत स्प्रिंकलर सक्तीचे केले. आपल्यातली कित्येक मुलं तिकडे शिकायला जातात आणि खोलीतला धुराचा डिटेक्टर फोडणी दिली की वाजतो म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतात. तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर त्याला आजच फोन करून ती पिशवी काढायला सांगा.

प्रश्न नंतर घेऊ. आधी एक काम करायचंय. ही अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर आहे. व्यवस्थापकांची परवानगी घेतली आहे, ते जिन्यातले दिवे बंद करतील. सगळ्यांनी वह्या-बॅगा इथेच ठेवायच्या, मोबाइलचा दिवा लावायचा नाही. उजवा हात भिंतीला, घाई नाही, ढकलाढकली नाही. दर मजल्याच्या वळणावर माझा एक माणूस उभा आहे. पायऱ्या मोजत या. खाली आल्यावर प्रत्येकाने मला आकडा सांगायचा. आणि आज रात्री आपापल्या रूमवर गेलात की तिथलाही.

चला, पहिली रांग उठू दे.