पुढचं दार, मागचं दार

[फरशीवरची काळी रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना लहान मुलाचे बूट.]

हा डावा बूट अमेरिकेत आहे आणि उजवा कॅनडात. पोरगं मात्र चित्रांच्या पुस्तकात गढलंय. पासपोर्ट नाही, शिक्का नाही. पाय उचलला की देश बदलतो.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातलं डर्बी लाइन आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातलं स्टॅनस्टेड. कागदावर दोन देशांतली दोन गावं, पण घरं एकमेकांना खेटून. पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्थासुद्धा सामायिक. आणि बरोबर सीमेच्या रेषेवर ही इमारत, हॅस्केल फ्री लायब्ररी आणि ऑपेरा हाउस. खाली ग्रॅनाइटचे दगड, वर फिकट पिवळी वीट. कॅनडा आणि अमेरिका एकमेकांकडे कसे बघतात हे समजून घ्यायला वॉशिंग्टन किंवा ओटावा गाठायची गरज नाही. या दारात तासभर उभं राहिलं तरी पुरे.

[जुने कृष्णधवल फोटो.]

ही इमारत रेषेवर चुकून आली नाही, मुद्दाम बांधली. कार्लोस हॅस्केल इथले अमेरिकी उद्योजक आणि त्यांच्या पत्नी मार्था जन्मानं कॅनडियन. म्हणजे सीमा त्यांच्या संसारातच होती. कार्लोस गेल्यावर मार्थाबाई आणि मुलगा होरेस यांनी त्यांच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली, आणि दोन्हीकडच्या लोकांना ती आपली वाटावी म्हणून जागा निवडली ती ही. १९०४ मध्ये वरच्या मजल्यावरचं नाट्यगृह सुरू झालं, पुढच्या वर्षी खालची लायब्ररी. नाटकाच्या तिकिटांवर लायब्ररी चालावी, असा हिशोब होता.

[जिना चढून कॅमेरा नाट्यगृहात. रंगवलेला पडदा.]

पडद्यावर व्हेनिसचं चित्र आहे. खुर्च्या सुमारे ४००. रंगमंच कॅनडात आणि बहुतेक प्रेक्षक अमेरिकेत. संवाद एका देशात म्हटला जातो, टाळी दुसऱ्या देशात पडते. ही रेघ बघा, खुर्च्यांच्या रांगांमधून तिरकी गेली आहे. खाली लायब्ररीतही तसंच. पुस्तकांची कपाटं कॅनडात, पुढचं दार अमेरिकेत. १९७० च्या दशकात इथं आग लागली, तेव्हा नुकसान नक्की कुठल्या देशात झालं असा प्रश्न विमा कंपन्यांनी काढला आणि मग ही रेघ रंगवली, असं इथं सांगतात. त्याआधी सत्तर वर्षं रेघ दाखवायची कुणाला गरज पडली नव्हती.

[टेकडीवरून जंगल. झाडीतून सरळ गेलेला मोकळा पट्टा.]

गावाबाहेर सीमा अशी दिसते. सहा मीटर रुंद पट्टा, तीन मीटर यांचे, तीन मीटर त्यांचे. दोन्ही देशांचा एकत्र सीमा आयोग आहे, तो इथली झाडी साफ ठेवतो. अलास्काची बाजू धरून ही सीमा ८,८९१ किलोमीटरची आहे. जगात इतकी लांब सीमा दुसऱ्या कुठल्याही दोन देशांत नाही.

इथं ती ४५ व्या अक्षांशावर असायला हवी होती. १७७० च्या दशकात मोजणी झाली, ती वाकडी झाली. पुढे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १८१२ चं युद्ध झालं, कॅनडा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता, आणि त्यानंतर इथून पश्चिमेला, शॅम्प्लेन सरोवरावर, उत्तरेकडून येणाऱ्या ब्रिटिश फौजांना अडवायला अमेरिकेनं किल्ला बांधायला घेतला. नवी मोजणी झाली, तर किल्ला शेजाऱ्याच्याच जमिनीत! काम थांबलं. आसपासच्या लोकांनी तिथलं सामान आपापल्या घरांसाठी उचलून नेलं. अखेर १८४२ च्या करारात दोघांनी जुनी वाकडी रेषाच मान्य केली. बांधाच्या वादात आपल्याकडे तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. इथं वाकडा बांध वाकडाच ठेवून भांडण मिटलं.

[कॅन्यूसा स्ट्रीट. मधोमध पिवळी पट्टी, दोन्हीकडे घरं.]

या रस्त्याचं नावच दोन देशांच्या नावांतून केलेलं आहे. हा फाटकाचा खांब अमेरिकेतला, समोरचा कॅनडातला.

अमेरिकेत ३४ कोटी लोक, कॅनडात ४ कोटींच्या आसपास, आणि त्यांतले तिघांत दोघं सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत. त्यामुळे कॅनडियन माणूस रोज दक्षिणेकडे बघतो. तिथल्या निवडणुका, तिथल्या वाहिन्या, तिथले भाव, सगळं त्याला ठाऊक असतं. अमेरिकन माणसाला उत्तरेकडे बघायची वेळ क्वचित येते. त्याच्या मनातला कॅनडा म्हणजे थंडी, आइस हॉकी, मॅपल सिरप आणि पटकन ‘सॉरी’ म्हणणारी भली माणसं. हे कौतुकच आहे, पण न भांडणाऱ्या भावाचं करतात तसं. परदेशात कॅनडियन माणसाला कुणी अमेरिकन म्हटलं, तर तो लगेच दुरुस्त करतो. उलटं झालं तर अमेरिकन माणूस फारसं मनावर घेत नाही. हा फरक जुना आहे, आणि शेजार भला होता तेव्हाही तो टोचत होताच.

[चर्च स्ट्रीट. रस्त्यावर आडव्या मांडलेल्या फुलांच्या कुंड्या.]

११ सप्टेंबर २००१. त्या दिवशी अमेरिकेचं आकाश बंद झालं आणि कॅनडातल्या गँडर या लहानशा गावानं ३८ विमानांतले प्रवासी उतरवून घेतले, घराघरांतून जेवू घातलं. आणि त्या दिवसानंतरच या गावातले रस्ते एकेक करून बंद होत गेले. समोरच्या घरी जायचं तरी आधी नाक्यावर वर्दी. एक वाट तेवढी उरली. स्टॅनस्टेडचा माणूस या कुंड्यांच्या बाजूनं चालत यायचा, अमेरिकेच्या पदपथावरून चार पावलं टाकायचा आणि पुढच्या दारानं आत.

[वाचनकक्षातलं लांब टेबल. रिकाम्या खुर्च्या.]

२०१८ मध्ये अमेरिकेच्या प्रवासबंदीमुळे ताटातूट झालेली इराणी कुटुंबं इथं येऊन भेटली. याच खोलीत.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम इथं आल्या. रेघेच्या अमेरिकेकडच्या बाजूला उभं राहून ‘अमेरिका नंबर वन’ आणि रेघ ओलांडून ‘५१ वं राज्य’, म्हणजे कॅनडा हे पन्नास राज्यांच्या अमेरिकेचं आणखी एक राज्य, असं त्या म्हणाल्या, असं लायब्ररीच्या लोकांनी पत्रकारांना सांगितलं. ज्या घरात पाहुणे म्हणून आलो तिथं हे बोलायचं नसतं. मार्चमध्ये पुढचं दार कॅनडियन लोकांना बंद करण्याचा निर्णय आला. कारण दिलं तस्करीचं. मागे इथल्या स्वच्छतागृहात बंदुका लपवून पलीकडे नेल्या गेल्या होत्या, हे खरं. पण त्यासाठी एकशेवीस वर्षांची वाट मोडायची?

त्याच महिन्यात कॅनडाच्या मालावर अमेरिकेचा आयातकर लागू झाला आणि अमेरिकेहून गाडीनं परतणारे कॅनडियन प्रवासी आदल्या वर्षीच्या मार्चपेक्षा जवळपास ३२ टक्क्यांनी घटले. पुढे एका पाहणीत निम्म्याहून अधिक कॅनडियन लोकांनी अमेरिकेला सगळ्यात मोठा धोका म्हटलं, आणि निम्म्याहून अधिक लोकांनी सगळ्यात जवळचा मित्रही.

[इमारतीची मागची बाजू. आधी संकटकाळी बाहेर पडायचं दार.]

१ ऑक्टोबर २०२५ पासून कॅनडाच्या वाचकांसाठी दार हे. ते नीट करायला लोकांनी वर्गणी काढली. क्वेबेकमधल्या एका नामवंत रहस्यकथा-लेखिकेनं एकटीनं ५० हजार डॉलर दिले.

आत आल्यावर रेघ ओलांडायला आजही कुणी अडवत नाही. काउंटरवर फ्रेंचमधला नमस्कार, ‘बाँझूर’, ऐकू येतो, पाठोपाठ ‘हॅलो’.

[पुढचं दार उघडतं. मागचं दार उघडतं. संगीत नाही, फक्त पावलांचा आवाज.]