हातचा येईपर्यंत

(काळ्या पाटीवर नऊ एक्के एका ओळीत उमटतात.)

111111111. या संख्येला याच संख्येनं गुणलं की येतात 12345678987654321. सतरा अंक. पहिला एक्का भास्कराचार्यांच्या एकं, दहं, शतं अशा स्थानांच्या यादीतल्या 'मध्य' या घरात बसतो. पुढचं घर परार्धाचं.

गुणाकार शाळेतल्यासारखा मांडू. तेच नऊ एक्के नऊ ओळींत, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक्का, शेजारी दोन, मग तीन. नवव्या रकान्यात नऊ, आणि तिथून उतार. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातल्या एक्क्यांची निव्वळ मोजदाद. एकूण एक्के 81, म्हणून अंकांची बेरीजही 81. हातचा कुठेच नाही.

(दहावा एक्का येऊन चिकटतो.)

आता मधल्या रकान्यात दहा. शून्य खाली, हातचा एक. तो शेजारच्या नवात पडला, तिथंही दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठात मिसळला आणि आठाचे नऊ झाले. उत्तर: 1234567900987654321. चढावरचा आठ गायब, उतारावरचा जागेवर. अंकांची बेरीज 100 यायला हवी होती, आली 82. दर हातच्याला दहा जाऊन एक येतो, नऊ बुडतात. इथं हातचे दोन, बुडाले अठरा.

1, 121, 12321 या माळेतल्या संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो हे तेव्हाच्या जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरचं स्टेशन, आजची डोंबिवली. तिथल्या फलाटावर गर्दीत उभं असताना आठवायला हरकत नाही.

आता अवयव. 111111111 = 3 × 3 × 37 × 333667. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा: 3 चार वेळा, बाकीचे दोन-दोन वेळा. विभाजकात 3 शून्य ते चार वेळा घेता येतो, बाकीचे शून्य ते दोन वेळा, म्हणून विभाजक 5 × 3 × 3, म्हणजे 45. पण 333667 मूळ संख्या कशावरून? वर्गमूळ 577 च्या जरासं पुढे, तेव्हा 106 मूळ संख्यांनी भागून पाहणं आलं. एक आडवाट आहे. नऊ एक्क्यांना भाग देणाऱ्या मूळ संख्येला, 3 सोडून, 18 ने भागलं की बाकी 1 च उरते. मग तपासायला राहतात फक्त सतरा: 19, 37, 73 पासून 577 पर्यंत. 163 अगदी जवळ येते, बाकी 6. पूर्ण भाग कुणाचाच जात नाही.

(संगणकाचा पडदा.)

ताळा यंत्रावर घेताना जपून. एक्सेल पंधराच अंक राखतं आणि 12345678987654300 दाखवतं. जावास्क्रिप्टमध्ये शेवटी 320 येतात, कारण 9007199254740992 च्या पुढे तिथल्या साध्या आकड्यांत विषम संख्या मावतच नाहीत. पायथनचा पूर्णांक मात्र शाबूत राहतो. यंत्रावरच्या उत्तराचा शेवटचा अंक आधी बघा: एक्क्यावर संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्यावर संपत नाही.