आंबा घाट, दहा चाकी आणि एक झडप

(पहाटे पाच. कोल्हापूरचा शिरोली नाका. कॅमेरा ट्रकच्या खाली, टॉर्चच्या उजेडात.)

चहाच्या गाडीवरचा स्टोव्ह आत्ताच पेटलाय आणि आपले मामा ट्रकखाली पाठीवर पडलेत, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताचं बोट वर. सख्खे मामा नाहीत बरं का, पण तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला लाइनीवर सगळे मामाच म्हणतात, तसे आपणही म्हणतोय.

"ह्यो बघ. ह्याच्यावर आज घाट उतरायचा हाय."

बघितलं तर काय, इंजिनातून सायलेन्सरकडं जाणारी पाइप, त्या पाइपला बोल्ट मारून बसवलेला बीडाचा एक ठोकळा, बाजूला हवेचा छोटा सिलिंडर आणि त्याला आलेली करंगळीएवढी नळी. मामांनी क्लीनरला हाक मारली, त्यानं वर केबिनमध्ये पायाखालचं बटण दाबलं, फुस्स असा आवाज आला आणि सिलिंडरचा दांडा दोन बोटं सरकला. बस्स. एवढंच ते. आत एक गोल पत्रा आहे, रुपयासारखा चपटा पण तळहाताएवढा, तो आडवा होतो आणि पाइप बंद करतो. याला म्हणायचं एक्झॉस्ट ब्रेक. लाइनीवर नुसतं "एक्झॉस".

गाडीत साखर आहे, पन्नास किलोची तीनशे साठ पोती, म्हणजे अठरा टन, आणि जायचंय बंदराकडं. रस्ता तुम्हाला माहितेय, पंचगंगेचा पूल, केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, आणि मग घाट उतरला की साखरपा. वाघबीळला पन्हाळ्याकडं वळणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या भेटतात, पुढं मात्र आपणच.

(चालत्या केबिनमधून रस्ता. आवाज इंजिनाचा.)

आता तुम्ही म्हणाल, गाडीला ब्रेक असतातच की, हवेचे, मोठे ड्रमचे, मग हे अजून कशाला? तर एक हिशोब करूया, मोबाईलवर करता येईल असा. दहा चाकी ट्रकचं मालासकट परवानगीचं वजन २०१८ साली २५ टनांवरून २८.५ टन केलं. हे वजन घेऊन समजा आपण ५०० मीटर उंचीवरून खाली उतरलो, तर जी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते ती साधारण १४० मेगाज्यूल होते. नुसतं असं म्हटलं की काही कळत नाही, म्हणून असं बघा, चार लिटर डिझेल पेटवल्यावर जेवढी उष्णता निघेल तेवढी. दोन बॅरल गार पाणी उकळीला येईल एवढी. आणि ही सगळी आग कुणी गिळायची, तर सहा ड्रम, म्हणजे चाकांबरोबर फिरणारे लोखंडी डबे, आणि ब्रेक मारल्यावर त्यांना आतून घासणाऱ्या पट्ट्यांनी, म्हणजे लायनरनी, तेही वीस-पंचवीस मिनिटांत. खालून वारा लागतो म्हणून थोडं निभावतं, पण ड्रम तापला की फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब जातो, वरून लायनरचा माल गरम होऊन गुळगुळीत वागायला लागतो, आणि मग पाय पूर्ण दाबला तरी गाडी ऐकत नाही. ब्रेक फेल झाला असं आपण पेपरात वाचतो ना, त्यात पुष्कळदा काही तुटलेलं नसतं. ब्रेक नुसता तापलेला असतो. गार झाला की परत लागतो, पण तेव्हा उपयोग काय.

बरं, मग इंजिनच गाडी का धरत नाही? पेट्रोल गाडीत धरतं थोडं, कारण अॅक्सिलरेटर सोडला की हवा यायची वाट बंद होते आणि पिस्टनला ओढ लागते. डिझेलला ती वाट बंद करणारी झडप सहसा नसतेच, हवा मोकळी आत येते, मोकळी बाहेर जाते, पिस्टननं दाबली तरी ती हवा स्प्रिंगसारखी परत ढकलते, म्हणजे घेतलं तेवढं परत दिलं. उतारावर डिझेल इंजिन तसं आळशीच. मग कुणीतरी डोकं लावलं की आत येताना अडवता येत नाही ना, मग बाहेर जाताना अडवू.

सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा दाबून धरा आणि दांडा मारा. जातोय का खाली? तेच होतं. झडप बंद, पाइपमध्ये हवा कोंडते, टायरमध्ये कारच्या असते त्याच्याही वर दाब जातो, ३-४ बारपर्यंत, आणि प्रत्येक पिस्टनला बाहेर ढकलताना त्या दाबाशी झुंजावं लागतं. डिझेल तर बंदच असतं त्या वेळी. इंजिन गाडी ओढायचं सोडून हवा दाबायचा कॉम्प्रेसर होतं आणि त्याला फिरवायला लागणारा जोर मागची चाकं देतात. म्हणजे गाडीच गाडीला धरते. उष्णता ड्रममध्ये न जाता धुरांड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते.

त्या पत्र्याला मध्ये एक बारीक भोक किंवा कडेला फट ठेवलेली असते, सगळी पाइप शंभर टक्के बंद करत नाहीत, नाहीतर मागचा दाब एवढा चढेल की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला न जुमानता व्हॉल्व्ह उघडून जाईल. हे मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, एका फिटरनं सांगितलं. त्याच्याकडं उघडायला आलेला एक नग होता, तो आपण शूट केलाय.

(जवळून: काजळीनं भरलेली झडप, फिटरचा स्क्रू ड्रायव्हर.)

बघा हे. काळं, चिकट, तव्याच्या मागं बसतं तसं, शाफ्ट जागचा हलत नाही. गाडी सहा वर्षांची, आणि मालकानं सांगितलं की ड्रायव्हरनं कधी एक्झॉस वापरलंच नाही, आवाज घुमतो म्हणून. न वापरल्यानं काजळी धरली, काजळी धरली म्हणून आता वापरता येत नाही. फिटरनं डिझेलमध्ये भिजवून, ठोकून, दांडा हातानं पुढंमागं करून ती मोकळी केली, पाऊण तास गेला. तो म्हणाला, उघडी अडकली तर निदान गाडी चालते, बंद अडकली तर काळा धूर मारत शिवाजी पुलाचा चढपण चढणार नाही. त्याचं म्हणणं एकच, सपाट रस्त्यावरसुद्धा दिवसातून दोन-चारदा मारायचं, सिग्नल लांबून दिसला की मारायचं, म्हणजे पत्रा हलता राहतो.

उद्यमनगरातच लेथवर काम करणाऱ्या सगळ्यांना जेकब्ज चक माहीत असतं, ड्रिल धरायचं. त्या कंपनीचा आणि या विषयाचा संबंध आहे हे मलाही आधी माहीत नव्हतं. अमेरिकेत क्लेसी कमिन्स नावाचे गृहस्थ, हो तेच, कमिन्स इंजिनवाले, १९३१ साली डिझेल ट्रक किती भारी आहे हे दाखवायला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियात कहोन पास नावाचा घाट उतरताना ब्रेक तापून गेले, खाली रेल्वेचं फाटक आणि समोरून मालगाडी. थोडक्यात वाचले. ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही, रिटायर झाल्यावर त्यांनी इंजिनाचाच ब्रेक करायची युक्ती काढली आणि ती १९६१ मध्ये बाजारात आणली ती या चक बनवणाऱ्या जेकब्जनं. तो जेक ब्रेक. त्यात पाइप बंद करत नाहीत, पिस्टननं हवा पूर्ण दाबली की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतात आणि दाबलेली हवा सोडून देतात, म्हणजे ती परत ढकलायला उरतच नाही. जोर जास्त, पण आवाज मशीनगनसारखा, तिकडं कित्येक गावांच्या वेशीवर हा ब्रेक वापरू नका अशा पाट्या असतात. आपलं एक्झॉस त्यामानानं गरीब, घुमतं फक्त. तिसरा प्रकार रिटार्डर, रात्रीच्या मोठ्या एसी बसमध्ये असतो तो, पोटातलं पाणी हलू न देता बस उतरते, पण महाग.

(आंबा गाव. धुकं. चहाची टपरी.)

आंब्याला गाडी बाजूला घेतली. इथून पुढं शाहूवाडी तालुका संपतो, घाट उतरला की संगमेश्वर. मामांनी खाली उतरून सगळ्या टायरला लाकडी दांडक्यानं ठोकून बघितलं, हवेचा काटा बघितला, चहा घेतला आणि मला विचारलं,

"घाट कुठं चालू होतो?"

मी म्हटलं, पुढच्या वळणावर.

"न्हाई. हितंच. गिअर हितं ठरतो. खाली गेल्यावर बदलू म्हटलं आणि पडला न्हाई गिअर, तर न्यूट्रल. मग तू हाईस, म्या हाय आणि दरी हाय."

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतर. मामांनी तिसरा टाकला, डाव्या पायाची टाच त्या गोल बटणावर ठेवली. आणि इथं एक गंमत लक्षात आली, क्लचही डाव्याच पायाचा आणि एक्झॉसही डाव्याच पायाचं, म्हणजे दोन्ही एकदम दाबायची सोयच नाही, आणि तेच बरोबर आहे कारण क्लच दाबला की इंजिन आणि चाकं वेगळी झाली, मग झडप बंद असली काय नि उघडी काय. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर स्विच असतो किंवा स्टिअरिंगखाली दांडी, अॅक्सिलरेटर किंवा क्लचला पाय लागला की आपोआप सुटतं.

(उतार. आरपीएमचा काटा जवळून.)

ऐका आता. हा जो हूऽऽ असा घुमणारा आवाज येतोय, ते एक्झॉस. काटा बघा, दोन हजारच्या आसपास. कमी आरपीएमवर ह्याला जोर नसतो, हजारावर इंजिन फिरत असेल तर नुसता आवाज. काही गाड्यांच्या मीटरवर ह्यासाठीच निळा पट्टा असतो, त्यात काटा ठेवायचा, लाल पट्ट्यात मात्र जाऊ द्यायचा नाही. वेग वाढायला लागला की मामा मेन ब्रेक एकदा ठाम दाबतात, आठ-दहाचा वेग उतरवतात आणि पाय पूर्ण काढतात. सतत हलका पाय ठेवून घासत नेणं त्यांना अजिबात चालत नाही. "घासला की भाजला," एवढंच म्हणतात. आणि सारखं टपटप मारत बसलं तर हवा उतरते ते वेगळंच, फार उतरली तर स्प्रिंग ब्रेक आपोआप धरतो, वळणावर ते कुणालाच नको.

मला सगळ्यात राग येतो तो न्यूट्रल मारणाऱ्यांचा. डिझेल वाचतं म्हणे. अरे, गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिनाला डिझेल मिळतच नाही, चाकं फिरवतात ते फिरतं. न्यूट्रलला मात्र त्याला स्वतः चालू राहायला डिझेल प्यावं लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर एक्झॉस गेलं, इंजिनाची पकड गेली, राहिले फक्त ड्रम. आम्ही मधल्या वळणाला असताना एकजण तसाच सरसर गेला पुढं, इंजिनाचा आवाज नाही, नुसता टायरचा. मामा काही बोलले नाहीत, हॉर्नपण दिला नाही.

पावसाळ्यात प्रकरण वेगळं. एक्झॉस फक्त मागच्या ओढणाऱ्या चाकांना धरतं, गाडी मोकळी असेल, रस्त्यावर जुलैचं पाणी आणि शेवाळ असेल, तर मागची चाकं घसरू शकतात. भरलेल्या गाडीला भीती कमी, मोकळ्या गाडीला जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. तेव्हा मामा सरळ एक्झॉसवरचा पाय काढतात आणि अजून खालच्या गिअरला जातात, वळणाच्या आधीच.

हल्ली घाटात कॅरावॅनपण दिसायला लागल्यात, राज्याचं कॅरावॅन धोरण २०२१ मध्ये आलं त्यानंतर जरा जास्तच. बहुतेक ट्रॅव्हलरच्या चेसिसवरच्या, आत बेड, गॅस, पाण्याची टाकी, फ्रीज. अमेरिकेतल्या दहा-पंधरा टनी मोटरहोमना डिझेल इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक असतो, आपल्याकडच्या छोट्यांना सहसा नसतो. मग दुसरा गिअर आणि सबुरी. टाकीत पाणी भरून घाट उतरताय म्हणजे घर घेऊन उतरताय हे लक्षात असू दे, आणि वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते हे तर नियमातच आहे.

(घाट संपला. साखरप्याच्या अलीकडे. ट्रक उभा.)

मामांनी मला हाताला धरून मागच्या चाकाकडं नेलं. "लाव हात." मी आधी हाताची मागची बाजू जवळ नेली, मग घाबरत ड्रमला टेकवली. चहाचा कप धरल्यासारखं ऊन. टेकवून ठेवता येत होता.

तेवढ्यात वास आला, जळक्या क्लचसारखा नाही, जरा वेगळा, केस जळल्यासारखा. पंचवीस पावलांवर तोच मघाचा न्यूट्रलवाला उभा होता, चाकातून पांढरा धूर, आणि त्याचा क्लीनर बादली घेऊन पळत येत होता.

मामा इथूनच ओरडले, "ए, पाणी टाकू नगंस रं! ड्रम फुटंल! राहू दे तसाच, गार होऊ दे!"

पोरगं बादली धरून तसंच उभं राहिलं. मामांनी क्लीनरकडून आपल्या गाडीतला दगड मागवला आणि त्या गाडीच्या चाकाखाली लावायला निघाले.