जकात शेजाऱ्याची, भरभराट दुबईची

सगळे बसलात ना? ऊन चढायच्या आत खाडीवर पोचायचंय, म्हणून आटोपतं घेतो. बुर्ज खलिफा संध्याकाळी. तो कुठे पळून जात नाही.

आपल्याकडे सर्रास समजतात, वाळवंटात तेल लागलं आणि दुबई झाली. तेल इथे सापडलं 1966 मध्ये, तेही बेताचंच. त्याआधीच गाळाने भरलेली खाडी उपसून झाली होती. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी त्यासाठी कुवेतकडून कर्ज काढलं होतं. तेलाचा पत्ता नसताना हे धाडस कशाच्या जिवावर? व्यापाराच्या. आणि त्या व्यापाराचं गुपित, माझ्या मते, एकच: शेजाऱ्याने जकात वाढवली की दुबईचं दुकान चालायचं.

1833 मध्ये बनी यास टोळीतले काही लोक अबू धाबी सोडून इथे आले. आजचं इथलं राज्यकर्तं मक्तूम घराणं त्यांतलंच. 1894 मध्ये शेख मक्तूम बिन हशर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करमाफी दिली. पुढे समोरच्या किनाऱ्यावर, लिंगेह बंदरात, इराणी सरकारने जकातीचा फास आवळला आणि तिथले व्यापारी बिऱ्हाडासकट इकडे आले. फहिदीच्या गल्ल्यांत घरांवर चौकोनी मनोरे दिसतील, ते बारजील. वरचा वारा धरून खाली खोलीत सोडायचे. बस्तकहून आलेल्यांची ही वस्ती, म्हणून फहिदीचं जुनं नाव बस्तकिया.

तेव्हा खरी कमाई मोत्यांची. माल जायचा मुंबईला. बोटीच्या प्रमुखाला इथे म्हणत नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच! पाणबुडे मोसमाआधी उचल घ्यायचे आणि ती फेडता फेडता आयुष्य सरायचं. त्या मोत्यांच्या माळा बघताना हे जरा आठवा. जपानचे कल्चर मोती आले, पाठोपाठ 1929 ची मंदी, आणि धंद्याचं कंबरडं मोडलं.

मग सोनं. इथे तुमचे कान टवकारले, दिसतंय मला! तेव्हा भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, इथे मात्र खरेदी-विक्री राजरोस. गलबत खाडीतून बाहेर पडलं की ते कुठल्या किनाऱ्याला लागणार, हे कुणी विचारत नसे. दहा तोळ्यांची बिस्किटं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायची. दुबईच्या लेखी हा व्यापार, आपल्या कस्टमच्या लेखी चोरटा माल.

गंमत म्हणजे इथे चलनही आपला रुपयाच होता. सोन्यापायी भारताची परकीय गंगाजळी आटायला लागली, म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईने त्याला रामराम ठोकला. आपल्या खिशातले पैसे एका रात्रीत हलके झालेले कुठल्या व्यापाऱ्याला चालतील?

चला, उठू या. अब्रा म्हणजे खाडी ओलांडायची लाकडी होडी. भाडं एक दिरहम. सुटे काढून ठेवा, नाहीतर होडीवाला वैतागतो. पलीकडे देराला मसाल्याच्या बाजारात शिरायची घाई करू नका. आधी धक्क्यावर लागलेली गलबतं बघा. फ्रिज, टायर, खोक्यांच्या थप्प्या. खलाशाला विचारा, माल कुठे चाललाय. बरेच जण सांगतील, इराणला.