केबिनच्या तोंडाशी कापडी पडदा

शिडाच्या छोट्या होडीत केबिनमध्ये उतरण्याची वाट बहुधा मागच्या बाजूला, कॉकपिटला (सुकाणू धरून बसायच्या उघड्या, खोलगट जागेला) लागून असते. वर एक सरकते झाकण आणि खाली खाचांत एकावर एक बसवलेल्या दोन-तीन फळ्या, एवढाच तिचा बंदोबस्त असतो. नांगरलेली होडी सहसा वाऱ्याकडे तोंड करून राहते, त्यामुळे ही वाट आपोआप आडोशाला येते. पण भरती-ओहोटीच्या प्रवाहाने होडी फिरली, किंवा वाऱ्याकडे पाठ करून धक्क्याला बांधलेली असली, की पावसाची झड थेट आत शिरते आणि अंथरुणे भिजतात. फळ्या लावल्या तर आत काळोख होतो आणि हवा कोंदटते. अशा वेळी घरी शिवलेला कापडी पडदा फार उपयोगी पडतो.

कापडाच्या आडोशाने महासागरही ओलांडला गेला आहे. १९६० साली इंग्लंडमधल्या प्लिमथहून न्यूयॉर्ककडे झालेल्या, होडीत एकट्यानेच जायच्या पहिल्या अटलांटिक शर्यतीत ब्रिटिश नौकानयनपटू ब्लाँडी हॅस्लर यांनी आपल्या सुमारे २५ फुटी ‘जेस्टर’ होडीच्या गोल झरोक्यावर बाबागाडीला असते तसे मिटणारे आणि हवे तिकडे फिरवता येणारे टप बसवले होते. शिडाच्या दोऱ्या त्या झरोक्यापर्यंत आणलेल्या असल्यामुळे त्यांना डेकवर क्वचितच जावे लागे. ४८ दिवसांत ते दुसरे आले.

आपला पडदा याहून पुष्कळ साधा आहे. प्रथम वर्तमानपत्राचे कागद चिकटवून वाटेचा नमुना काढावा आणि दोन्ही बाजूंना व खाली सुमारे १० सेंटिमीटर कापड जादा धरावे. ॲक्रिलिक कॅनव्हास उत्तम, कारण तो कुजत नाही आणि थोडी हवा खेळू देतो. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीच्या आतल्या बाजूला श्वासातल्या बाष्पाचे थेंब साचतात. दोरा पॉलिएस्टरचाच घ्यावा. वरची पट्टी झाकणावरून पुढे नेऊन छतावरच्या कठड्यांना लवचिक दोरीने अडकवावी, म्हणजे होडीला एकही भोक पाडावे लागत नाही. स्क्रूच्या भोकातून झिरपणारे पाणी छताच्या आतले लाकूड कुजवते, म्हणून हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. खालच्या नेफ्यात लाकडी पट्टी घालावी आणि ती कड उंबऱ्याच्या बाहेर लोंबू द्यावी. ती आत राहिली, तर सगळे पाणी पायरीवर ओघळते. आत गॅसची शेगडी पेटणार असेल, तर हवेला वाट राहील एवढा भाग उघडाच ठेवावा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मात्र हा पडदा पावसासाठी आहे, लाटांसाठी नाही. इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणाऱ्या फास्टनेट शर्यतीत १९७९ साली ३०३ होड्या निघाल्या होत्या. वादळात १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला आणि काही होड्यांच्या फळ्या निसटून केबिनमध्ये पाणी भरले. खाचा खाली निमुळत्या होत गेलेल्या असतील, तर फळी थोडीशी वर उचलली गेली तरी सुटते. म्हणून समुद्रात निघताना पडदा गुंडाळून ठेवावा, फळ्या लावाव्यात, प्रत्येक फळी दोरीने होडीला बांधावी आणि वाट आतून व बाहेरून, दोन्हीकडून उघडता येते ना, हे पाहावे.

पडदा बसवून झाला की एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून बादलीभर पाणी तिरके फेकावे. आतल्या माणसाने उंबऱ्यावर कोरडा कागद धरावा. तो ज्या कोपऱ्यात ओला होईल, तिथली शिवण उसवून कापडाची एक पट्टी वाढवावी.